'तुमच्या शब्दांत' : नवागामच्या चौथीच्या वर्गातील एक पाठ

प्राथमिक शाळेच्या मराठी प्रश्नपत्रिकेत हमखास भेटणारी एक सूचना आहे : 'खालील उतारा वाचा व त्याचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.' यातील 'वाचा' आणि 'लिहा' ही दोन क्रियापदे आपण वर्षभर शिकवतो. 'आशय' म्हणजे काय, तेही कधीतरी सांगतो. 'तुमच्या शब्दांत' म्हणजे नेमके काय करायचे, यासाठी मात्र वेळापत्रकात तास नसतो. ते मुलाला आपोआप येते, असे आपण धरून चालतो. बाजारातल्या गाईडांनी त्यावर आपला तोडगा काढलेला आहे. 'तुमच्या शब्दांत' या सूचनेखाली त्यांत एक उत्तर छापलेले असते आणि वर्गातली चाळीस मुले 'आपल्या शब्दांत' तेच एक उत्तर लिहितात.

मी महाविद्यालयात साहित्य शिकवतो. पदव्युत्तर वर्गातला विद्यार्थी प्रबंधिकेत तीन-तीन पाने जशीच्या तशी उतरवून आणतो, तेव्हा त्याच्यावर वाङ्मयचौर्याचा आरोप ठेवणे सोपे असते. पण उतरवणे हाच अभ्यास, हे त्याला पंधरा वर्षे शिकवले गेलेले आहे. या सवयीचे मूळ कुठे आहे ते पाहावे, या हेतूने गेली काही वर्षे शनिवारच्या सकाळच्या शाळेत मी नवागाम परिसरातल्या एका मराठी प्राथमिक वर्गात जातो. तिथे जे करून पाहिले, त्यातला एका पाठाचा भाग येथे मांडतो. प्राथमिक शिक्षकांना तो आपापल्या वर्गात घेऊन पाहता येईल.

नवागाम म्हणजे सुरतचा दक्षिणेकडचा, उधना आणि दिंडोलीला लागून असलेला भाग. उधन्याहून निघालेला लोहमार्ग बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला जातो. याच मार्गाने खानदेशातली माणसे यंत्रमाग आणि रंगाई-छपाईच्या कामासाठी सुरतेत आली आणि लिंबायत, उधना, पांडेसरा, नवागाम या पट्ट्यात स्थिरावली. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांच्याही शाळा चालवते. मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके गांधीनगरचे राज्य पाठ्यपुस्तक मंडळ काढते. म्हणजे पुस्तकात प्रमाण मराठी, घरात अहिराणी, दुकानात गुजराती आणि गल्लीतल्या खेळात हिंदी. नवागामचे नऊ वर्षांचे मूल दिवसभरात या चार घरांतून ये-जा करते. अशा मुलाला 'तुमच्या शब्दांत लिहा' असे सांगितले, तर त्याने विचारायला हवे, कोणत्या? ते विचारत नाही. कारण स्वतःचे म्हणून जे शब्द त्याच्याजवळ आहेत, त्यांवर लाल रेघ येते, हे त्याला पहिलीपासून माहीत असते. 'माले तीस लागनी' हे मुलाचे स्वतःचे वाक्य आहे. 'मला तहान लागली' हे पुस्तकाचे. पहिले लिहिले तर अशुद्ध ठरते आणि दुसरे लिहिले तर ती नक्कल होते. या कोंडीत मूल नक्कल निवडते, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तीच निवडली असती.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. मराठीचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे याच सुरतेत शिक्षक होते. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी येथे मानवधर्म सभा स्थापन केली. दादोबांची ओळख वैयाकरण आणि सुधारक म्हणून दिली जाते. पण मोरोपंतांच्या 'केकावली'वर त्यांनी १८६५ मध्ये 'यशोदापांडुरंगी' ही गद्य टीका लिहिली, तिच्याकडे अध्यापक म्हणून पाहायला हवे. लांब समासांनी गच्च भरलेले काव्य साध्या गद्यात सांगणे हे भाषेच्या शिक्षकाचे काम आहे, असे त्यांना वाटले. व्याकरण रचणाऱ्याला जे कमीपणाचे वाटले नाही, ते आपण गाईडांवर सोपवले आहे.

पाठाकडे वळण्यापूर्वी दोन-तीन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात, कारण शिक्षकांच्या बोलण्यात त्यांची सरमिसळ होते. सारांश म्हणजे आशय कमी शब्दांत सांगणे. त्यात काय गाळायचे याचा निर्णय असतो आणि तो निर्णय चौथीच्या मुलाला जड जातो. भाषांतरात भाषा बदलते. स्पष्टीकरणात आपण बाहेरची माहिती आणतो. 'आपल्या शब्दांत सांगणे' यांहून वेगळे आहे : आशय तेवढाच, गाळायचे काही नाही, घालायचे काही नाही, फक्त बोलणारे तोंड बदलते. लांबी वाढली तरी चालते. गीतेच्या सातशे श्लोकांचे ज्ञानदेवांनी १२९० मध्ये सुमारे नऊ हजार ओव्यांत निरूपण केले. 'थोडक्यात लिहा' आणि 'तुमच्या शब्दांत लिहा' या दोन सूचना एकाच प्रश्नात घालणारा परीक्षक मुलाकडून एकाच वेळी दोन वेगळी कामे मागत असतो. दोन्हींपैकी एकही नीट होत नाही, यात नवल नाही. यासाठी पारिभाषिक शब्द अनेक सुचवता येतील. वर्गात मी एकही वापरत नाही. 'आपल्या शब्दांत सांगणे' एवढे पुरते.

पाठासाठी उतारा लहान हवा, चार-पाच वाक्यांचा, आणि विषय मुलांच्या ओळखीचा. मी स्वतः लिहून फळ्यावर घातलेला एक उतारा असा :

'तापी नदी मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावते. महाराष्ट्रातून वाहत ती गुजरातेत प्रवेश करते. उकाई येथे तिच्यावर मोठे धरण बांधलेले आहे. सुरतेजवळ ती अरबी समुद्रास मिळते.'

पहिल्याच दिवशी काहीही न शिकवता मुलांना हा उतारा 'तुमच्या शब्दांत' लिहायला सांगितला. निम्म्याहून अधिक मुलांनी तो जसाच्या तसा उतरवला. हुशार समजल्या जाणाऱ्या चार-पाच जणांनी मात्र वेगळी युक्ती केली. 'तापी सरिता मध्य प्रदेशातील मुलताई येथे जन्म पावते… सुरतेनजीक ती अरबी सागरास भेटते.' समानार्थी शब्द पाठ असण्याचा हा परिणाम. वाक्याची चौकट तीच, खिळेही तेच, फक्त फळ्या बदलल्या. या उत्तराला परीक्षेत पूर्ण गुण मिळतात. माझ्या मते ते नकलेपेक्षा वाईट आहे. नक्कल करणारे मूल निदान शब्द बरोबर ठेवते. येथे शब्दही बिघडला, आणि अर्थ समजला की नाही हे कळलेच नाही.

दुसऱ्या शनिवारी फळा पुसला. उतारा दोनदा मोठ्याने वाचून घेतला, मग पुस्तके-वह्या दप्तरात ठेवायला लावल्या. समोर मजकूर असला की डोळा त्याकडे जातो आणि हात त्याच्या मागे. म्हणून मजकूर दूर करणे ही पहिली पायरी, आणि तीच सर्वांत परिणामकारक आहे. मग सांगितले : 'आजी घरी बसली आहे. तिला वाचता येत नाही. ही गोष्ट तिला सांग.' आजीची निवड सहज केलेली नाही. नवागामच्या पुष्कळ घरांत वडील दिवसपाळी-रातपाळीत अडकलेले असतात. आई आणि आजी घरी बसून साड्यांचे धागे कापण्याचे, टिकल्या चिकटवण्याचे काम करतात. हात कामात आणि कान मोकळे, असा श्रोता घरात तयारच असतो. शिवाय आजीला 'उगम पावते' असे सांगून चालत नाही. ती 'म्हंजे काय?' असे विचारते, आणि हा प्रश्न कोणत्याही गाईडात छापलेला नसतो.

महानुभाव परंपरेत याला जुना आधार आहे. नागदेवाचार्यांनी आपल्या पंथीयांना संस्कृत सोडून मराठीत बोलण्या-लिहिण्याचा आग्रह धरला, तो अशासाठी की एरवी साध्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील. केसोबासांच्या 'दृष्टांतपाठा'ची रचनाही शिक्षकाने पाहण्यासारखी आहे. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग त्या दृष्टांताचा मूळ सूत्राशी मेळ घालणारे दार्ष्टांतिक. एकच गोष्ट दोन तोंडांनी सांगायची आणि शेवटी दोन्ही जुळतात का ते तपासायचे. आपल्या पाठातली तिसरी पायरी, म्हणजे मूळ मजकूर पुन्हा उघडून ताडून पाहणे, मी तिथूनच घेतली आहे.

आजीला सांगायचे म्हटल्यावर एका मुलीने उभे राहून सांगितले : 'तापी आमना गावकडतून येस. उकाईले धरन बांधेल शे. मंग सुरतमा येस अन् समुंदरले मियस.' वर्ग हसला. हसू 'मियस'ला आले, कारण खानदेशी बोलीत 'ळ'चा 'य' होतो आणि शाळेत तो 'ळ' म्हणवून घेण्यावर बराच वेळ खर्च झालेला असतो. हसणाऱ्यांतली बहुतेक मुले घरी 'मियस'च म्हणतात. त्यांना हसू द्यावे आणि पुढे जावे. त्या मुलीने 'उगम पावते', 'प्रवेश करते', 'बांधलेले आहे' हे सगळे ओलांडले होते आणि चारांपैकी तीन वाक्यांचा अर्थ सुखरूप पलीकडे नेला होता. 'सुरतमा' मधल्या 'मा' प्रत्ययाकडेही लक्ष द्यावे. गुजरातीत तो तसाच आहे. ग्रियर्सनने भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात खानदेशीला भिल्ली भाषांबरोबर ठेवले आणि त्या वर्गीकरणावर आजही वाद होतो. मुलाला त्या वादाशी कर्तव्य नाही. त्याच्यासाठी हा प्रत्यय मराठी पुस्तक आणि गुजराती दुकान यांच्यामधला पूल आहे.

मग फळा पुन्हा लिहिला आणि ताडून पाहिले. मुलताई राहिली होती. आणि 'आमना गावकडतून' हे उताऱ्यात कुठे होते? येथे वर्गात चांगली चर्चा झाली. एक मुलगा म्हणाला, 'ते पुस्तकात नाही, म्हणून चूक.' मुलगी म्हणाली, 'पण आमचं गाव शिंदखेड्याकडे आहे आणि ते महाराष्ट्रातच आहे.' दोघांचेही म्हणणे दखल घेण्याजोगे आहे. 'महाराष्ट्रातून' हा शब्द तिला समजला, म्हणूनच तिथे गाव दिसले. ही समजुतीची खूण आहे. पण आजीऐवजी शेजारच्या ओडिया घरातल्या मैत्रिणीला सांगायचे असेल, तर 'आमच्या गावाकडून' याने तिला काहीच कळणार नाही. ऐकणारा बदलला की शब्द बदलतात आणि आशय तोच राहायला हवा, हे मुलांना या एका वाक्यातून जेवढे कळले, तेवढे व्याख्येतून कळले नसते. शेवटी ठरले ते असे : 'महाराष्ट्रातून, आमच्या गावाकडून'. माझ्या मते हे उत्तर पूर्ण गुणांचे आहे.

लिहिण्याची पायरी यानंतर येते. तोंडी अहिराणीत सांगितलेले मूल आता पुस्तकाकडे न पाहता स्वतःच्या बोलण्यावरून प्रमाण मराठीत लिहिते. 'उकाईले धरन बांधेल शे'वरून 'उकाईला धरण बांधले आहे' इथवर येणे कठीण नाही. मुले हे पटकन करतात आणि त्यात त्यांना गंमतही वाटते. फरक एवढाच की आता प्रमाण मराठीतले वाक्य हे त्यांनी स्वतः केलेले वाक्य असते. बोलीला वर्गात जागा दिली तर प्रमाणभाषा बिघडेल, ही भीती मी अनेक शिक्षकांकडून ऐकली आहे. पालकांकडूनही ऐकली आहे, आणि त्यांची भीती अधिक समजण्यासारखी आहे. त्यांनी बोलीपायी अपमान सोसलेले असतात. माझा अनुभव उलटा आहे. बोली मधली पायरी म्हणून आली की प्रमाणभाषेतली वाक्ये आखूड होतात, नेमकी होतात आणि मुख्य म्हणजे वेगवेगळी होतात. चाळीस वह्यांत चाळीस उत्तरे आली की तपासायला वेळ लागतो, हे मात्र खरे.

तिसऱ्या उताऱ्याच्या वेळी एक गंभीर गोष्ट लक्षात आली. पावसाळ्याचे दिवस, खाडीकाठचा परिसर, म्हणून विषय सापांचा घेतला होता : 'भारतातील बहुतेक साप बिनविषारी असतात. साप सहसा आपणहून माणसावर हल्ला करत नाही. तो बहुधा स्वतःच्या बचावासाठीच चावतो.' एका चांगल्या, धीट मुलाने सांगितले : 'भारतात साप बिनविषारी असतात. साप माणसाला चावत नाही.' भाषा त्याची स्वतःची, वाक्ये सुटसुटीत, उच्चार स्वच्छ. आणि या सांगण्यावर विश्वास ठेवून त्याचा धाकटा भाऊ मण्यारीला हात लावू शकतो. 'बहुतेक', 'सहसा', 'बहुधा', 'च' हे चार बारके शब्द गळाले आणि खरी माहिती जीवघेणी झाली. मुले नाम आणि क्रियापद उचलतात. 'काही', 'फक्त', 'तरच', 'सुद्धा' ही मंडळी वाटेत सांडतात. (मोठी माणसे वर्तमानपत्राची बातमी चहाच्या टपरीवर सांगताना नेमके हेच करतात, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) तेव्हापासून वाचनानंतर 'बारके शब्द मोजा' असा एक लहानसा खेळ ठेवला आहे. उताऱ्यात असे किती शब्द आहेत ते बोटांवर मोजायचे, आणि सांगून झाल्यावर तेवढी बोटे पुन्हा मोजायची. शब्द तोच यायला हवा असे नाही. 'बहुतेक' ऐवजी 'दहातले आठ-नऊ' म्हटले तर? त्यावर वाद झाला. उताऱ्यात आकडा नाही, तेव्हा आकडा आपण आणायचा नाही, असे मुलांनीच ठरवले. 'जास्त करून' हा पर्याय एकीने सुचवला आणि तो सर्वांना पटला.

कर्मणी प्रयोगाने दुसरी मौज केली. 'कारखान्यांचे रंगीत पाणी खाडीत सोडले जाते' हे वाक्य आजीला सांगायचे तर 'सोडले जाते' चालत नाही. कोण सोडते, ते सांगावे लागते. 'मिलवाला सोडतस,' असे तीन-चार मुलांनी एकदम सांगितले. पुस्तकी भाषेने कर्ता झाकून ठेवला होता, बोलीने तो उघडा केला. येथे शिक्षकाने सावध राहायला हवे. उताऱ्यात कर्ता सांगितलेला नाही, मुलांनी तो आपल्या माहितीतून आणला, आणि मघाच्या आकड्याचा नियम येथेही लागू आहे. पण मुलांना दटावण्याऐवजी 'हे उताऱ्यात आहे का, की तुम्हाला माहीत आहे?' एवढेच विचारावे. या दोन कप्प्यांतला भेद चौथीत कळला, तर महाविद्यालयात संशोधनपद्धतीच्या तासाला माझा बराच वेळ वाचेल.

या भेदासाठी मराठीत एक सुंदर साधन आयते आहे : 'म्हणे'. आजीच्या कहाणीत 'एक राजा व्हता म्हने' असे येते, तेव्हा शब्द आजीचे असतात, पण गोष्ट तिने स्वतः पाहिलेली नाही, ऐकलेली आहे, हे ती प्रामाणिकपणे सांगून टाकते. तळटीप देण्याचा हा आपला घरगुती प्रकार आहे. मुलांना मी सांगतो की पुस्तकातले सांगताना सुरुवातीला 'पुस्तकात म्हटले आहे की' असे म्हणा, आणि तोंडी सांगताना खुशाल 'म्हणे' वापरा. 'तापी मुलताईहून निघते म्हणे' या वाक्यात शब्द मुलाचे आणि माहिती पुस्तकाची, दोन्हींची मालकी चोख आहे.

चार भाषांच्या शेजारात काही खड्डेही आहेत. 'तो रिकामा बसला होता' हे एका मुलीने 'तो नवरा बसला होता' असे लिहिले. गुजरातीत 'नवरो' म्हणजे मोकळा, काम नसलेला. मराठी वाचकाला मात्र तिथे लग्नघर दिसते. 'शिक्षा' हा शब्द हिंदीतून आला तर शिक्षण, मराठीत राहिला तर छडी. अशा शब्दांची यादी वर्गात टांगली आहे आणि ती मुलेच वाढवतात. २०२३ च्या कायद्याने गुजरातमधल्या सर्व प्राथमिक शाळांत गुजराती अनिवार्य झाली आहे. त्यामुळे ही यादी पुढे गुजरातीच्या तासालाही उपयोगी पडेल.

कवितेचा सरळ अर्थ लिहिणे हा प्रकार मी चौथीत मुद्दाम टाळतो. माहितीपर मजकुरात आशय आणि शब्द वेगळे करता येतात. कवितेत ते वेगळे करायला गेले की हाती चोथा उरतो, आणि मुलांना वाटते की कवीला साधे बोलता येत नसावे. पाचवीत अपवाद करतो तो बहिणाबाई चौधरींच्या रचनांचा. १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, तेव्हापासून त्यांचे 'प्रमाण मराठीत अर्थ' शब्दार्थाच्या टिपांसह शिकवले जातात. त्यांची भाषा जळगावकडची लेवा बोली. नवागामच्या मुलांची अहिराणी तिच्याहून वेगळी, पण शेजारची. पुण्या-मुंबईच्या वर्गात ज्या ओळीखाली पाच टिपा लागतात, तिथे येथे कदाचित एकच लागते. त्या तासाला मुले बोलतात आणि शिक्षक वहीत शब्दार्थ उतरवून घेतो. नंतर तोच शिक्षक मुलांसमोर उभा राहून ती कविता आपल्या शब्दांत सांगतो, आणि काय गळाले ते मुले बोटांवर मोजतात.